डॉल्फिन्सचे रिसिव्हर, हंगाम 2023: मोजणीची वही कुठवर आली

मायामी डॉल्फिन्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या रिसिव्हरांचा (पास झेलणाऱ्यांचा) खेळ फिल्मवरून डावागणिक वहीत नोंदवतोय, त्याचा हा आढावा. टायरीक हिल 119 झेल, 1,799 यार्ड. जेलन वॉडल 72 झेल, 1,014 यार्ड. पास फेकणारा क्वार्टरबॅक टुआ टॅगोवायलोआ 4,624 यार्डांसह लीगमध्ये पहिला. हे आकडे सगळ्यांना पाठ आहेत आणि त्यातून फार तर ‘हिल पळतो, टुआ फेकतो’ एवढंच कळतं. वहीत शोधायचंय ते त्याच्या आधीचं: स्नॅप होताना (सेंटर चेंडू मागे देतो तेव्हा) कोण कुठे होतं, आणि त्यामुळे बचावातला नेमका कोणता माणूस आपली जागा सोडून गेला.

फॉर्मेशन (खेळाडूंची मांडणी) आणि मोशनची (स्नॅपआधी खेळाडूने जागा बदलत धावणं) पहिली फेरी पूर्ण झाली आहे. रकाने असे: डाउन (10 यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांतला कितवा) आणि अंतर, चेंडू कोणत्या हॅशवर (मैदानाच्या मध्याजवळच्या खुणांच्या दोन रांगांपैकी), मैदानात बॅक (चेंडू घेऊन धावणारे) किती आणि टाइट एंड (अडवणारे आणि झेलणारेही) किती, हिल व वॉडलची जागा, मोशन, स्नॅपआधी मागे सेफ्टी (सगळ्यात मागचे बचावपटू) एक की दोन, आणि स्नॅपनंतर किती उरले. शेवटचे दोन रकाने एकत्र करायचा मोह टाळा. दोन सेफ्टी दाखवून एकाला पुढे आणणारे संघ बरेच आहेत. एकच रकाना ठेवला तर नेमकी तीच लबाडी नोंदीतून निसटते.

सगळ्यात जास्त गोंधळ जागेच्या रकान्यात होतो. हडल (डाव ठरवायचा घोळका) सुटल्यावर रिसिव्हर जिथे उभा राहिला ती जागा लिहू नका, चेंडू हलला त्या फ्रेममधली लिहा. तेव्हाचा मुख्य प्रशिक्षक माइक मॅकडॅनियलच्या आक्रमणात या दोन जागांत बरंच अंतर पडतं. 2023च्या पहिल्याच सामन्यात चार्जर्सविरुद्ध (36-34, हिल 215 यार्ड) ती छोटी, आतून बाहेर जाणारी मोशन सगळ्यांच्या नजरेत भरली. नियमानुसार स्नॅपच्या वेळी एकच खेळाडू हलता असू शकतो आणि तो रेषेच्या (चेंडू ठेवतात त्या स्क्रिमेज रेषेच्या) दिशेने पुढे सरकता कामा नये. नाहीतर 5 यार्डांचा दंड. हिल रेषेला समांतर, बाहेरच्या अंगाला सुटतो आणि चेंडू हलताच पुढे वळतो. चेंडू पडायच्या आधीच दोन पावलं पुढे निघालेला नॉन-स्ट्रायकर आठवा, फक्त इथे धावबाद व्हायची भीती नाही.

याचा फायदा नुसत्या वेगाचा नाही. रेषेपासून 5 यार्डांपर्यंतच बचावपटूला रिसिव्हरला अडवता, ढकलता येतं. आधीच पळत आलेला माणूस तो पट्टा लवकर ओलांडतो. शिवाय हलत्या माणसासमोर कॉर्नरला (बाहेरच्या रिसिव्हरवरच्या बचावपटूला) पाय रोवून उभं राहता येत नाही, म्हणून तो मागे हटतो, आणि त्या मोकळ्या जागेत आतला ग्लान्स (तिरकं आत धावत घेतलेला पास) अलगद मिळतो. त्यामुळे मोशनच्या रकान्यात नुसतं ‘हो’ लिहून भागत नाही. दिशा लिहा, आणि स्नॅपला खेळाडू पूर्ण वेगात होता की थबकला होता तेही लिहा. थबकलेली मोशन बहुतेकदा बचाव मॅन (प्रत्येकाच्या मागे एक) आहे की झोन (जागा राखणारा) हे चाचपण्यासाठी असते. दोन्हींची बेरीज एकत्र केलीत तर निष्कर्ष वाकडा निघेल.

दुसरी फेरी वेळ आणि खोलीची. ही अर्ध्यावर आहे.

वेळ फ्रेमने मोजायची. सेंटरच्या हाताखाली चेंडू हलला ती शून्य फ्रेम, हातातून सुटला ती शेवटची. क्वार्टरबॅकच्या हातात चेंडू पडल्यापासून मोजलं तर शॉटगनमधले (क्वार्टरबॅक सेंटरपासून काही यार्ड मागे असतो तेव्हाचे) सगळे पास खोटेच झटपट दिसतात. सेकंदाला 30 फ्रेमची फाइल असेल तर 72 फ्रेम म्हणजे 2.4 सेकंद, 60ची असेल तर तोच आकडा 1.2 सेकंद होतो. फाइलची माहिती उघडून आधी खात्री करून घ्या. टुआचे खूपसे पास 2.4च्या आसपास सुटतात, तेव्हा अशी दुप्पट चूक झाली तर ती लगेच डोळ्यात भरते. पण पंचाहत्तरच्या जागी पासष्ट फ्रेम मोजल्या गेल्या तर ते कुणाच्याच लक्षात येत नाही.

खोली म्हणजे स्क्रिमेज रेषेपासून रिसिव्हर वळला त्या जागेपर्यंतचं अंतर. झेलाची जागा वेगळ्या रकान्यात. रुंदीसाठी एंड झोनमागचा कॅमेरा घ्या: मैदान 160 फूट रुंद, दोन हॅशमध्ये 18 फूट 6 इंच, हॅशपासून साइडलाइन 70 फूट 9 इंच. मधला पट्टा ठरवताना हॅशच्या बाहेर दोन्हीकडे 5-5 यार्ड धरले आहेत, म्हणजे साधारण 16 यार्ड. याहून अरुंद पट्टा घेतला तर डिगवरचे (पुढे जाऊन काटकोनात आत वळणाऱ्या मार्गावरचे) अर्धे झेल ‘बाहेर’ पडतात.

या आक्रमणाचा जीव याच पट्ट्यात आहे, असं आमचं ठाम मत. आउटसाइड झोनची (बाहेरच्या बाजूने धावण्याच्या डावाची) हूल दिली की लाइनबॅकर (बचावाच्या मधल्या फळीतले खेळाडू) आडवे धावतात किंवा पुढे येतात. त्यांच्या पाठीमागे 12 ते 18 यार्डांवर खिंडार पडतं, आणि रिसिव्हर मान वळवायच्या आत टुआचा चेंडू तिथे निघालेला असतो. लाइनबॅकर हुलीला भुलला नाही तर मात्र दुसरा पर्याय शोधायला वेळच उरत नाही. म्हणून ‘जवळच्या लाइनबॅकरचं पहिलं पाऊल: पुढे, आडवं, मागे’ हा रकाना नव्याने घातला आहे. आधीच्या सामन्यांची फिल्म त्यासाठी पुन्हा चाळावी लागणार, इलाज नाही.

दुसरा नवा रकाना: कॉर्नर रिसिव्हरच्या आतल्या खांद्याला की बाहेरच्या. याचं मूळ डिसेंबर 2022च्या चार्जर्स सामन्यात आहे (23-17 पराभव, टुआचे 28पैकी 10 पास पूर्ण, 145 यार्ड). कॉर्नर नाकासमोर येऊन आतली वाट धरून उभे राहिले, साइडलाइन मोकळी सोडली, आणि पहिल्या पावलालाच लय बिघडली.

नमुना निवडताना सांभाळा. ब्रॉन्कोसविरुद्धचा 70-20 सामना सरासरीत मिसळू नका: 726पैकी 350 यार्ड धावून आले, आणि वॉडल त्या दिवशी खेळलाच नव्हता. उलट जेट्सविरुद्धचा 30-0 सामना बारकाईने पाहण्यासारखा आहे. हिल त्यात खेळला नाही, वॉडल 8 झेल 142 यार्ड. एरवी हिलला मिळणाऱ्या जागा आणि मोशन त्याला किती मिळाल्या हे तिथे थेट ताडता येतं. कॅन्सस सिटीतला 26-7चा प्लेऑफ सामना उणे 20 सेल्सिअसच्या आसपास झाला, म्हणून त्याचं पान वेगळं.

थेट प्रक्षेपण बघत नोंदी करायच्या फंदात पडू नका. रविवारचे लवकरचे सामने आपल्याकडे रात्री 10.30ला लागतात, नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की 11.30ला, आणि टीव्हीच्या कॅमेऱ्यात सेफ्टी बहुधा चौकटीबाहेर असतात. तेव्हा फक्त क्वार्टर, घड्याळातली वेळ आणि डाउन टिपून ठेवा. बाकीचं ऑल-22 (सगळे 22 खेळाडू दाखवणारी फिल्म) हाती आल्यावर.

पुढचं काम दोन्ही बिल्स सामन्यांचं, 48-20 आणि 21-14, दोन्ही पराभव. त्यांत लाइनबॅकरचा रकाना आधी भरायचा, झेल आणि यार्ड नंतर.