कार्तिकातलं कुसळ

दिवाळी उरकली की सातपुड्याच्या पायथ्याशी एका दिवसात दोन ऋतू नांदतात. पहाटे अंगावर शाल लागते आणि दुपारी केळीच्या बागेतही ऊन पोळतं. यावल अभयारण्यात पायी फिरायला हेच दिवस चांगले, तेही उजाडल्यापासून साडेनऊपर्यंत. त्यानंतर पाखरं गप्प होतात आणि माणसं बोलायला लागतात.

चैत्रात पानगळीमुळे शंभर पावलांवरचं भेकरही दिसतं. कार्तिकात गवत कमरेला लागतं, त्यामुळे जनावर बघायलाच निघालेला हमखास हिरमुसतो. आता नजर खाली ठेवावी. ओहोळाच्या ओल्या वाळूत बिबट्याच्या पंजाची नखं उमटत नाहीत, तरसाची उमटतात. शिवाय तरसाचा पुढचा पंजा मागच्याहून चांगलाच मोठा असतो. वाटेत एकाच ठिकाणी जुन्या-नव्या लेंड्यांचा ढीग लागला, तर तो रोह्याचा, म्हणजे नीलगाईचा. त्याला ठरलेली जागा लागते. चार जणांहून मोठी टोळी नको, आणि दोन तासांत दोन किलोमीटर चाललात तर तेही जरा जास्तच.

या दिवसांत सागाची पानं जाळीसारखी झालेली दिसतात आणि कुणीतरी ‘रोग पडला’ म्हणून हळहळतं. एका लहानशा पतंगाच्या अळ्या शिरा सोडून मधला हिरवा गर खातात, त्याची ही जाळी. झाड त्याने सहसा मरत नाही. पुढच्या पावसाळ्याआधी पुन्हा पालवतं. त्या जाळीतून गाळून येणारं कोवळं ऊन मात्र फार देखणं असतं. त्याच उंचीवर दोन झाडांमध्ये मोठ्या कोळ्याच्या मादीने सोनेरी धाग्याचं जाळं ताणलेलं असतं, नेमकं आपल्या तोंडासमोर. काठीने फाडू नये, वाकून जावं. कडेला दाण्याएवढा दिसतो तो तिचा नर.

आणि रानपिंगळा, एक लहानसं घुबड. खानदेशातून १८८४ साली त्याचा नमुना गोळा झाला, पुढे शतकभर तो कुणाला दिसला नाही. १९१४ सालचा म्हणून गुजरातेतला एक नमुना दाखवला जाई. त्यावरची नोंद बनावट निघाली आणि शोधणारे जुन्या, खऱ्या ठिकाणांकडे वळले. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या विरळ सागवनात तो सापडला. खानदेशचं पाखरू खानदेशातच होतं, पत्ता तेवढा चुकीचा दिला होता!

घुबड म्हणून त्याला रात्री शोधणं ही पहिली चूक. हा दिवसा वावरतो, थंडीत सकाळी उघड्या फांदीवर ऊन खात बसतो, शेपटी बाजूला झटकतो. नेहमीचा पिंगळा डोक्यावर पांढरे ठिपके मिरवतो. याचं डोकं जवळजवळ कोरं, छातीचा वरचा भाग गडद, पोट स्वच्छ पांढरं, शेपटीवर रुंद पट्टे. दुर्बीण ८×४२ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुरे. दहापटीची घेतली की हात थरथरतो आणि फांदी चौकटीबाहेर जाते. मोबाइलवर त्याचा आवाज लावणाऱ्याबरोबर जाऊच नये. याच सुमारास विणीचे दिवस सुरू होतात. नर खोट्या प्रतिस्पर्ध्याच्या मागे धावतो आणि ढोली उघडी पडते.

पायात सुती मोजे नकोत. गवताच्या कुसळाचं शेपूट दहिवराने भिजलं की उलगडतं, वाळलं की पीळ घेतं. त्या फिरकीने बी जमिनीत शिरतं. मोजा आणि जमीन यांत त्याला फरक कळत नाही. गुळगुळीत नायलॉनची विजार बरी. मखमली तपकिरी शेंग दिसली तर ती खाजकुइली, तिला हात नको. केस लागलेच तर चोळू नये, चिकटपट्टीने उपटावे.

घरी आल्यावर मोज्यातलं कुसळ मागे ओढायचं नाही. टोकावरचे केस उलटे असतात, ते अडकतात आणि टोक तुटून आतच राहतं. मोजा उलटा करायचा, टोक बाहेर आलेलं दिसतं, ते चिमटीत धरून पुढच्या बाजूने काढायचं.