अश्विनीची वेलांटी

मागच्या ऑगस्टमधली गोष्ट. दुपारी सव्वातीनला लालबागच्या एका पतपेढीतून ताईंचा फोन आला. मागे मंडपाचे पत्रे ठोकल्याचा आवाज.

"दादा, पत्रावरची अश्विनी बरोबर आली हो! काय केलंत?"

मी काहीच केलं नव्हतं. म्हणजे त्या आठवड्यात बरंच काही केलं होतं, पण अश्विनीसाठी नाही. पोटात गोळाच आला. तक्रारीचा फोन आला की कुठे बघायचं ते कळतं. न मागता एखादी गोष्ट सुधारली, तर तिच्यासोबत आणखी काय काय हललंय कुणास ठाऊक.

अंधेरीच्या एमआयडीसीत आमचं छोटं ऑफिस आहे. पतपेढ्यांचे हिशेब, खातेउतारे, वार्षिक सभेच्या नोटिसा आणि लाभांशाची पत्रं छापणारं सॉफ्टवेअर आम्ही चालवतो. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि नोटीस सभेआधी १४ दिवस जायला हवी. त्यामुळे ऑगस्टमध्ये सगळ्या पतपेढ्यांना सगळं एकदमच हवं असतं, आणि तेव्हाच गणपती.

पत्रांवरची नावं मराठीत असतात. ऱ्हस्व वेलांटी लिहिताना अक्षरानंतर येते, पण छापताना अक्षराच्या आधी काढावी लागते. जोडाक्षर असेल तर अख्ख्या जोडाक्षराच्या आधी. आमची पीडीएफ बनवताना अक्षरं मांडून देणारी जी छोटी लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) आहे, ती साध्या अक्षराला वेलांटी नीट लावायची. जोडाक्षर आलं की गडबडायची. 'अश्विनी'त आधी पाय मोडलेला श, मग वेलांटी, मग व. विठ्ठल बरोबर, किरण बरोबर. स्मिता, प्रियांका, क्षितिज, ऋत्विक चूक. ताईंनी अशा नावांची एक वहीच केली होती. दरवर्षी ती पत्रं बाजूला काढायच्या, दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये नावं टाइप करून चिकटवायच्या. दोन दिवस जायचे. कुठलं नाव चुकणार हे त्या बाईंना आमच्यापेक्षा आधी कळत होतं, हे इथेच कबूल करतो.

त्या आठवड्यात मी केलं होतं ते वेगळंच. आमचं सॉफ्टवेअर ज्या पायथॉन भाषेत आहे, तिच्या ३.९ आवृत्तीची मुदत ऑक्टोबर २०२५ मध्ये संपणार होती, म्हणून ३.११ वर जायचं ठरलं. जायचंच आहे तर पायएन्व्ह (पायथॉनच्या आवृत्त्या बसवणारं), पिप (तयार कोडची पॅकेजेस बसवणारं), रिक्वायरमेंट्सच्या फायली (कुठली पॅकेजेस हवीत त्याच्या याद्या) हा सगळा पसारा एकदाच आवरून युव्हीवर जाऊ, असं मी सुचवलं. ॲस्ट्रल कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये आणलेलं, रस्टमध्ये लिहिलेलं हे टूल. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते पायथॉनच्या आवृत्त्याही स्वतःच बसवायला लागलं.

पायएन्व्हबद्दल माझं मन बरेच दिवस कडू होतं. ते पायथॉन सोर्सपासून कंपाइल करतं, म्हणजे मूळ कोडवरून आपल्याच मशीनवर बांधतं. नव्या लॅपटॉपवर एखादी सिस्टिम लायब्ररी नसेल तर एक वॉर्निंग देऊन पुढे जातं, पायथॉन बनतो, सगळे खूश. तीन दिवसांनी कुणीतरी काहीतरी इम्पोर्ट करतं आणि 'सीटाइप्स सापडत नाही' असं येतं, म्हणजे पायथॉनचाच एक भाग बनलेला नसतो. नव्या मुलाचे पहिले दोन दिवस यातच जायचे आणि त्याला वाटायचं आपल्यालाच काही येत नाही. युव्ही तयार बांधलेला पायथॉन उतरवतं. आमच्या मोठ्या प्रोजेक्टची सगळी पॅकेजेस बसायला पिपला चार मिनिटं लागायची. युव्हीने ती दुसऱ्या वेळेला, मी चहाचा कप उचलायच्या आत, कॅशमधून, म्हणजे आधी उतरवून ठेवलेल्या प्रतींना नुसतं जोडून (हार्डलिंक), बसवून ठेवली. ज्युनियरने स्क्रीनकडे बघून विचारलं, "सर, झालं की अडकलं?"

अर्थात पहिल्या वेळेला अडकलंच होतं. आमचा फायरवॉल प्रत्येक एचटीटीपीएस कनेक्शन मधेच उघडतो आणि स्वतःचं सर्टिफिकेट लावून पुढे देतो. ते सर्टिफिकेट लॅपटॉपच्या सिस्टिममध्ये टाकलेलं आहे, पण युव्ही सिस्टिमला विचारत नव्हतं, सोबत आणलेली मोझिलाची, कुणाच्या सर्टिफिकेटवर विश्वास ठेवायचा ती यादीच बघत होतं. म्हणून 'अननोन इश्युअर', सर्टिफिकेट देणारा अनोळखी. नेटवर्कवाल्याला बोलावलं. त्याने ब्राउझर उघडला, साइट दिसली. "आमच्या बाजूने ओके आहे," म्हणाला आणि गेला. हे वाक्य त्याच्या टेबलावर कोरून ठेवायला हवं. सिस्टिमचीच सर्टिफिकेटं बघायला लावणारं नेटिव्ह टीएलएसचं सेटिंग सापडेपर्यंत अर्धा दिवस गेला.

तर ताईंचा फोन. मी जुनी आणि नवी पॅकेजची यादी शेजारी शेजारी लावली. जवळपास सगळं जुळत होतं. ती अक्षरं मांडणारी लायब्ररी मात्र जुन्यात ०.९.६ होती आणि नव्यात ०.९.४+ऑफिस१. नवीन टूलने जुनी आवृत्ती आणली होती! आणि '+ऑफिस१' म्हणजे ती आमच्या स्वतःच्या इंडेक्सवरची (पॅकेजेस जिथून उतरवतात ते कोठार), कुणीतरी हाताने दुरुस्त करून ठेवलेली प्रत.

कुणीतरी म्हणजे मास्तर. माझ्या आधी हे काम तोच बघायचा. कुठलीही गोष्ट दोनदा समजावून सांगायचा म्हणून मास्तर. २०२२ च्या दिवाळीत पुण्याला गेला. जाण्याआधी त्याने वेलांटी दुरुस्त केली होती, आम्ही टाळ्याही वाजवल्या होत्या. पुढच्या वर्षी अश्विनी पुन्हा मोडली. मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, मास्तरचा जुगाड टिकला नाही. कुणीतरी कशाला, मीच म्हणालो.

जुगाड नव्हता तो. पिपला दोन इंडेक्स दिले की ते दोन्हींकडचा माल एका ढिगात ओततं आणि सगळ्यात मोठा आकडा उचलतं. मास्तरने हे ओळखून रिक्वायरमेंट्समध्ये दोन बरोबरच्या चिन्हांनी नेमकी ०.९.४+ऑफिस१ बांधून ठेवली होती. २०२३ च्या पावसाळ्यात एक दिवस आमचा इंडेक्सवाला सर्व्हर बंद पडला, बिल्ड अडकलं, आणि कुणीतरी ती ओळ सैल करून '०.९ किंवा पुढची' अशी केली. तोवर बाहेर ०.९.५ आली होती, पिपने तीच उचलली. गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदीत, त्या बदलावर नाव माझं आहे. संदेश: 'तात्पुरतं, सर्व्हर आला की परत घट्ट करतो.'

युव्हीची रीत उलटी. ज्या इंडेक्सवर ते पॅकेज पहिल्यांदा सापडतं तिथेच थांबायचं, दुसरीकडे बघायचंच नाही. आणि आपण जोडलेला इंडेक्स पायपीआयच्या, म्हणजे सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या इंडेक्सच्या, आधी. हे चोरांच्या बंदोबस्तासाठी आहे. २०२२ च्या डिसेंबरमध्ये पायटॉर्च या एआयच्या लायब्ररीच्या नाइटली (रोज निघणाऱ्या कच्च्या) आवृत्त्या पिपने बसवणाऱ्यांना 'टॉर्चट्रायटन' नावाचं भलतंच पॅकेज पायपीआयवरून मिळालं होतं, खरं पायटॉर्चच्या इंडेक्सवर असताना. आमच्याकडे त्या बंदोबस्ताने आमचाच माणूस आत घेतला.

आता ०.९.६ मधल्या इतर दुरुस्त्या आमच्याकडे नाहीत, हेही खरं. मास्तरचा बदल नव्या आवृत्तीवर चढवायचा की लायब्ररीच्या मूळ लोकांकडे पाठवायचा, यावर ऑफिसात दोन तट आहेत. आमच्या साहेबांचं मत, चाललंय ना, मग हात लावू नका. साहेबांचं हेच मत पायथॉन २.७ बद्दलही होतं.

ताईंना फोन करून विचारलं, मधे कधी नावं बरोबर आली होती का? "बावीसला आली होती की," त्या लगेच म्हणाल्या. "त्या वर्षी वही काढलीच नाही. मला वाटलं तुम्ही पुन्हा बंद केलंत." मी वही टाकू नका म्हटलं, टेस्टसाठी हवीये. त्यांनी आडनावं झाकून, फक्त पहिल्या नावांचे फोटो पाठवले. त्रेसष्ट नावं.

संध्याकाळी ती सगळी चालवली. एकसष्ट बरोबर. कार्तिक आणि हर्षिता चुकले.

मग मास्तरला फोन लावला. लावायचाच होता, कारण शोधत होतो. मीटिंगमधलं वाक्य आणि सैल केलेली ओळ, दोन्ही सांगितलं. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "रफाराचं राहिलं होतं रे. रीडमीत लिहून ठेवलंय मी. बघ, दोनदा लिहिलंय."