सुट्टी कळवायची कुणाला?

तोक्योत आमच्या निशिकासाई भागात भारतीयांची वस्ती मोठी, त्यामुळे खाण्यापिण्याचं कधी अडत नाही. घरून आणलेल्या विळीला धार लावून मिळेल असं मात्र वाटलं नव्हतं. लावून दिली ती पंचाहत्तरीच्या एका आजोबांनी.

ते इथल्या निवृत्तांच्या केंद्राचे सभासद. निशिकासाई एदोगावा वॉर्डात येतं आणि अशा केंद्रांची सुरुवात याच वॉर्डात 1975 साली झाली. आता देशभर त्यांचं जाळं आहे, 'सिल्व्हर जिनझाई सेंटर' या नावाने. साठीच्या पुढची माणसं नाव नोंदवतात, केंद्र त्यांना जवळपासची झेपतील अशी कामं देतं. सायकली ओळीत लावणं, झाडांची छाटणी, कागदी दारांचा कागद बदलणं, सुऱ्यांना धार. महिन्यातून साधारण दहा दिवस.

आजोबांनी विळी उलटसुलट करून पाहिली. खोवणीच्या दात्यांवरून बोट फिरवलं आणि कापताना माणूस बसतो कुठे, असं विचारलं. मी तिथेच फरशीवर मांडी घालून दाखवलं, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या आजीसुद्धा उठून बघायला आल्या. मग ओल्या दगडावर पातं थोडं थोडं सरकवत त्यांनी बाकाचा अंदाज घेतला. घाई अजिबात नाही. उभा जन्म लेथवर गेलेला माणूस! मधेच म्हणाले, "मंगळवारी माझी पाळी. यायचं नसेल तर फोन करावा लागतो. घरी बसलो तेव्हा सुट्टी कळवायलाही कुणी नव्हतं."

हे ऐकून भारावून जाऊ नका. केंद्राकडून मिळतो तो पगार नव्हे, केलेल्या कामाचा मोबदला; त्याला किमान वेतनाची हमी नसते. बऱ्याच कंपन्या साठीला निवृत्त करतात आणि त्याच माणसाला कमी पगारावर पुन्हा घेतात. 2021 पासून तर सत्तरीपर्यंत काम देण्याचा प्रयत्न करा, असं कायदाच कंपन्यांना सांगतो. अनेकांना पेन्शन पुरत नाही म्हणूनही राबावं लागतं. आजोबांचं भागतं, पण जेमतेम.

तरी त्यांचा तो फोन माझ्या डोक्यातून जाईना. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले, तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्यांना "आता आराम करा" असं बजावलं होतं. पुण्यात सोसायटीचा पंप बिघडला की अजूनही हाक त्यांनाच, तीही फुकटात. म्हणून मी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुचवलं, अशी कामं निवृत्तांना रीतसर पाळी लावून, पैसे देऊन द्यावीत. सेक्रेटरींचं उत्तर आलं, "काकांना या वयात कशाला त्रास?"

बाबांनी ग्रुपवर चकार शब्द लिहिला नाही. संध्याकाळी मला फोन करून विचारलं, "तुमच्याकडचे ते सेंटरवाले तासाला किती देतात रे?"