सतराशे की अठराशे

दोन महिन्यांपूर्वी मीच लावून दिलेली कानाची दोन्ही मशीनं नानांनी डबीसकट माझ्या टेबलावर ठेवली. "यार्डात घातली की आणखीच कळेनासं होतं, मॅडम."

नाना नाशिक जिल्ह्यातल्या एका बाजार समितीत कांद्याच्या लिलावाला असतात. ट्रॅक्टर रांगेने लागतात, व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसरीकडे सरकतो, चहूबाजूंनी बोली होते. शेवटची बोली झाली की नाना क्विंटलचा भाव सौदापट्टीवर लिहून शेतकऱ्याच्या हातात देतात. एके सकाळी बोली अठराशेला थांबली आणि नानांनी सतराशे लिहिले. शेतकऱ्याने पट्टी वाचली म्हणून बरं, वीस क्विंटलला त्याचे २,००० रुपये गेले असते. पुन्हा एकदा तसंच झालं, तेव्हा समितीने त्यांना गेटवर आवक नोंदवायला बसवलं. पत्रात कारण होतं 'वयोमान'. कान तपासून घ्या, असं त्यांना तिथे एकानेही सुचवलं नव्हतं.

नानांचा ऑडिओग्राम, म्हणजे जाड-बारीक कुठला आवाज किती ऐकू येतो त्याचा आलेख, १,००० हर्ट्झपर्यंत जवळजवळ चांगला आहे. तिथून जो उतरतो तो ४,००० हर्ट्झला थेट ७० डेसिबलच्या घटीवर. अशा माणसाला हाक ऐकू येते, ट्रॅक्टर ऐकू येतो, त्यामुळे घरच्यांना वाटतं की तो लक्षच देत नाही. जातात ती व्यंजनं. 'स'चा बहुतेक जोर ४,००० हर्ट्झच्या वर असतो. मराठी आकड्यांतला 'स' काढून बघा. 'साठ'चं 'आठ' होतं. 'सतराशे' आणि 'अठराशे' यांत तर कानाने धरावं असं फारसं काही उरतच नाही. नाना कितीतरी दिवस कांद्याचा रंग, पत्ती, आकार बघून मनातल्या मनात भाव ठरवत होते आणि ऐकलेल्या अर्ध्या शब्दाला तो जोडत होते. बहुतेक वेळा तो बरोबर यायचा. त्या दिवशी माल सतराशेचा दिसत होता, एवढंच.

(२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे 'ऐकू कमी येणारा' ठरायला दोन्ही कानांत, बोलण्याच्या पट्ट्यात, ६० डेसिबल तरी घट लागते. नानांची सरासरी तिथवर जात नाही. म्हणजे कागदोपत्री ते ठणठणीत, आणि कामावरून मात्र बाजूला.)

मशीनं लावल्यावर माझ्या बंद खोलीत त्यांनी २५ पैकी २३ शब्द बरोबर सांगितले होते. तो आकडा फाइलवर चढला की आमच्या व्यवसायात काम झालं असं धरतात. मीही धरलं होतं. डबी परत आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन यार्डात गेले. अकरा वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये पेशंटच्या कामाच्या जागी मी पहिल्यांदाच जात होते.

अर्ध्या तासात कळलं. गोंगाट वाढला की मशीन आपोआप समोरचा आवाज धरतं आणि मागचा दाबतं. हॉटेलात, लग्नाच्या पंगतीत हे फार कामाचं, आणि महागड्या मशीनांची जाहिरात याच गुणावर होते. पण नाना मान खाली घालून लिहितात. त्यांच्या समोर असते पट्टी, आणि बोली येते पाठीमागून. व्यापाऱ्यांनाच गोंगाट समजून मशीन त्यांना दाबत होतं. चूक मशीनची नव्हती, सेटिंग माझं होतं.

यार्डासाठी वेगळा प्रोग्राम केला. दोन्ही माइक चहूकडे उघडे, गोंगाट दाबणं अगदी कमी, वाऱ्याची घरघर तोडणं मात्र चालू. ३,००० हर्ट्झच्या वरचा आवाज वाढवला तर शिट्टी येऊ लागली, म्हणून मशीनच्या टोकाचा मऊ रबरी डोम काढून कानाच्या मापाचा मोल्ड केला. स्वतःचा आवाज घागरीत बोलल्यासारखा वाटू नये म्हणून त्याला बारीक छिद्र ठेवलं. मग नेहमीची 'घर, पान, झाड' यादी बाजूला ठेवून ४० भावांची यादी केली आणि यार्डातला गलका रेकॉर्ड करून लावला. सहायक मुलगी त्यांच्या पाठीमागून भाव म्हणत होती. ३७ बरोबर आले. लिहिण्याआधी भाव मोठ्याने परत म्हणायचा, हेही ठरवून घेतलं. चुकू या भीतीने त्यांनी ती सवय कधीच सोडली होती.

एक दिवस नाना आणि सध्या भाव लिहिणारा माणूस, दोघांना वेगवेगळं लिहू द्या आणि पट्ट्या ताडून बघा, असं मी समितीला पत्र दिलं. त्या एका दिवसासाठी त्यांनी तीन आठवडे लावले. ६२ ट्रॉल्या झाल्या, एकाही पट्टीत फरक नव्हता. नाना परत लिलावावर आहेत.

गेल्या आठवड्यात मशीनं साफ करून घ्यायला आले होते. उठता उठता म्हणाले, "मॅडम, हे कधीपासून असेल? दोन पट्ट्या सापडल्या. त्याआधीच्या?"

इतका उतार एका वर्षात सहसा होत नाही, हे मला माहीत होतं. मी "नक्की सांगता येणार नाही" म्हटलं. तेही खरंच आहे.

"स्थळप्रती आहेत सगळ्या कपाटात," ते म्हणाले. "पण बोली काय झाली होती, ते कुठेच लिहिलेलं नसतं."