ढगळपणाला दिलेलं नाव

रविवार, रात्री

आज कपाट आवरायला घेतलं आणि मी आजवर विणलेले सात स्वेटर पलंगावर एका ओळीत मांडले गेले. सातही ढगळ. खांदे उतरलेले, बाह्या नळीसारख्या सरळ, पुढून उघडे आणि एकालाही बटण नाही. कुणी विचारलं की मी ठरलेलं उत्तर देते, "माझी स्टाइलच तशी आहे, मोकळीढाकळी."

आज त्या ढिगाकडे बघताना ओशाळायला झालं. बटण नाही, कारण काजं मला जमत नाहीत. पाच विणली तर पाच मापांची होतात. मुंढ्याला बेतून बसवायची बाही एकदाच करून बघितली, तीनदा उसवली, मग तो विषयच काढला नाही. कडांना सगळीकडे नुसत्या सुलट ओळी, कारण ती वीण गपगुमान सपाट राहते. एक ओळ सुलट, एक उलट केली की कड वळायला लागते आणि वेगळी पट्टी विणणं आलं.

ढगळपणा तर निव्वळ गणितातून आलाय. नमुन्यात लिहिलेलं असतं, 10 सेंटिमीटरला 22 टाके. माझा हात सैल, त्यामुळे तेवढ्यात 20 च बसतात. 200 टाक्यांचा घेर 91 सेंटिमीटर व्हायला हवा, माझा होतो 100. आधी छोटा चौकोन विणून, धुऊन, वाळवून मोजला असता तर हे पहिल्याच स्वेटरला कळलं असतं. पण नवी लोकर हातात असताना चौकोन विणत कोण बसतं!

मग शैली म्हणजे टाळाटाळ? इतकं सरसकटही म्हणवत नाही. जपानी कुंभार शोजी हामादा आपल्या भांड्यांवर सही करत नसत, तरी जाणकार ती ओळखतात. हाताला लागलेली सवय वस्तूत उतरतेच. फरक एवढाच, की हामादांनी आधी माती, चाक, भट्टी सगळं पचवलं होतं. मी काजांपाशीच थांबले आणि त्या थांबण्याला गोंडस नाव दिलं. (शिवाय नावाची छापील लेबलंही करून घेतली आहेत. शंभर. अजून त्र्याण्णव शिल्लक.)

"हातचं आहे, एवढं चालायचंच" हे वाक्यही मी फार वापरते. मैत्रिणीला शाल दिली तेव्हा एक टाका सुटलेला होता, तेव्हाही हेच म्हणाले. विकतच्या शालीत तसा टाका दिसला असता तर दुसऱ्या दिवशी परत केली असती. ओळी थोड्या वरखाली होणं ही हाताची खूण मानता येईल, पण सुटलेला टाका खाली उसवत जातो. तिने शाल हसून घेतली. पुन्हा अंगावर कधी दिसली नाही.

आणि "हातचं" म्हणजे तरी काय? क्रोशाचं हुबेहूब काम करणारं यंत्र कारखान्यांत नाही. म्हणजे दुकानात स्वस्तात टांगलेला क्रोशाचा टॉपही कुणाच्या तरी हातानेच, खांबामागे खांब (क्रोशाचे उभे टाके) घालत झालेला असतो. साधा सदरासुद्धा शिवणयंत्रावर कुणीतरी बसूनच शिवतं, कारण लुळं कापड नेमकं धरणं यंत्राला अजून नीट साधलेलं नाही. तरी त्या कपड्यांना मी कधी हातचे म्हटलं नाही. तो मान फक्त माझ्या सात ढगळ स्वेटरांना.

जेवणानंतर एकदाचा चौकोन विणला. 4 मिलिमीटरच्या सुयांवर 20 टाके, अपेक्षेप्रमाणे. मग 3.5 च्या घेतल्या, 22 बरोबर बसले. धुऊन टॉवेलवर पसरले दोन्ही. पंख्याखाली वाळल्यावर हात फिरवून बघितला, तर घट्ट चौकोन अगदी नेमका, पण पुठ्ठ्यासारखा. सैल विणीला जो लवचीकपणा आहे, ती अंगावर जशी पडते, ते त्यात नाही. मला खरंच सैलच आवडते! हे आज पहिल्यांदा तुलना करून कळलं.

तर पुढचा स्वेटर 4 च्याच सुयांवर, फक्त टाके 182 घालायचे, म्हणजे घेर 91 च होईल. काजांचा सराव उरलेल्या लोकरीवर, उद्यापासून.