गॅरेजच्या भिंतीतलं भोक

शनिवार, रात्र

गॅरेज आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या भिंतीला सायकलच्या हँडलने भोक पाडलं होतं. आज ते बुजवायला घेतलं. नवरा म्हणाला, "तिथे कोण बघतंय? जाळीचं ठिगळ चिकटव आणि मोकळी हो."

बैठकीच्या खोलीत मीही तेच केलं असतं. ही भिंत मात्र वेगळी आहे. इथे न्यू जर्सीत आमच्यासारख्या घरांच्या भिंती म्हणजे लाकडी खांब आणि त्यांवर ठोकलेले ड्रायवॉलचे, म्हणजे दोन कागदांमध्ये जिप्सम भरलेले तक्ते. गाडी, पेट्रोल, रंगाचे डबे सगळं गॅरेजात, म्हणून आग अडवायला मधल्या भिंतीला जिप्समचा तक्ता लागतोच. जिप्सममध्ये वजनाच्या सुमारे एक पंचमांश पाणी रासायनिकरीत्या बांधलेलं असतं. आग लागली की ते वाफ होऊन निघत राहतं, आणि ते संपेपर्यंत तक्त्याची मागची बाजू १०० अंश सेल्सिअसच्या फारशी वर जात नाही. घरातल्यांना बाहेर पडायला मिळतो तो हाच वेळ. स्वयंपाकघराला लागूनच लेकीची खोली आहे. तिथे नुसत्या जाळीवर लांबी थापून मला झोप लागली नसती.

भोकाच्या कडेला जाडी मोजली तर पाच सूत, म्हणजे पाच अष्टमांश इंच भरली. हा आत काचेचे तंतू असलेला, टाइप एक्स म्हणतात तो तक्ता. दुकानातले छोटे तुकडे अर्ध्या इंचाचे होते, म्हणून चार बाय आठचा अख्खा तक्ता घेतला आणि गाडीत मावेल असा चाकूने चिरून मोडून आणला.

आत बॅटरी मारून वायर नाही याची खात्री केली, मग भोकाचा चौकोन कापला. मागे दोन लाकडी पट्ट्या सरकवून स्क्रूने आवळल्या आणि त्यांवर नवा तुकडा बसवला. चहूबाजूंनी जेमतेम सूतभर फट. स्क्रूचं डोकं किंचित आत जायला हवं, पण वरचा कागद फाटता कामा नये, कारण स्क्रूची पकड त्या कागदावरच असते.

सांध्यांसाठी डब्यातलं तयार मिश्रण न घेता पंचेचाळीस मिनिटांत आवळणारी पावडर कालवली. ती वाळण्यावर अवलंबून नसते, त्यामुळे थंड गॅरेजातही घट्ट होते आणि फारशी आक्रसत नाही. घासायला कठीण, एवढं खरं. वरच्या थरांना डब्यातलंच वापरीन.

कागदी पट्टी बसवताना बाबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांचं आयुष्य कोल्हापुरात विटांच्या भिंतींना गिलावा करण्यात गेलं. ड्रायवॉल त्यांनी कधी हाताळलेलं नाही. तरी म्हणाले, "अगं, भोकापुरतं भरू नकोस. थापी आडवी धर आणि लांबवर ओढत ने. कड कुठे संपली ते हाताला कळता कामा नये." मी पट्टीच्या दोन्ही बाजूंना वीतभर ओढत नेलं. बाबा गप्प बघत राहिले, म्हणजे ठीक चाललं होतं.

उद्या दुसरा थर, जरा आणखी रुंद. घासायचं ते ओल्या स्पंजने, म्हणजे धूळ घरात शिरणार नाही. (घर १९७७ च्या आधीचं असतं तर घासायलाच घेतलं नसतं. तेव्हाच्या सांध्याच्या मिश्रणात अ‍ॅस्बेस्टॉस असायचं.) मग प्रायमर, नाहीतर नवा भाग रंग शोषून घेतो आणि ठिगळ उन्हात वेगळं दिसतं.

सायकल आता टांगायचीच. हूक तक्त्यात नाही, खांबात. खांब सोळा-सोळा इंचांवर आहेत. लोहचुंबक फिरवून स्क्रू शोधले आणि पेन्सिलीने खूण करून ठेवली आहे.