ओकचे निखारे, सिरका आणि अख्खं डुक्कर

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात, मॉरिसव्हिलला राहायला आले त्या पहिल्याच उन्हाळ्यात ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने माझी चूक सुधारली होती. "शनिवारी घरी बार्बेक्यू केला," असं मी म्हणाले. तो म्हणाला, "तुम्ही चिकन भाजलंत. बार्बेक्यू म्हणजे डुक्कर." तो अजिबात हसत नव्हता. नॉर्थ कॅरोलिनाच्या पूर्व भागात बार्बेक्यू ही करायची गोष्ट नाही, खायची आहे. अख्खं डुक्कर रात्रभर लाकडाच्या निखाऱ्यांवर शिजवायचं, बारीक कापायचं, सिरका आणि मिरची घालून कालवायचं. ताटात पडतं ते बार्बेक्यू.

मी वसईची. आमच्याकडे लग्न म्हटलं की डुकराचं मांस आलंच. आदल्या रात्री मांडवामागे पुरुष मंडळी सुऱ्या घेऊन बसायची, मोठ्या टोपात डुकराच्या मांसाचं इंद्याल रटरटायचं आणि ताडीच्या सिरक्याचा वास शेजारच्या आळीपर्यंत जायचा. आमच्या गावात ते शिजवायला पप्पांना बोलावणं असे. त्यामुळे नोव्हेंबर 2018 मध्ये पप्पा पहिल्यांदा अमेरिकेत आले तेव्हा त्यांना नायगारा नंतर दाखवू, आधी बार्बेक्यूच्या रस्त्यावर नेऊ, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

शुक्रवारी सकाळी निघालो. रॅली या राजधानीच्या शहरापुढे हायवे 70 लागला की शहर मागे पडतं. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस, रताळ्यांची उकरलेली शेतं, मधूनच तंबाखू वाळवायची जुनी उंच लाकडी कोठारं. फ्लॉरेन्स चक्रीवादळ येऊन गेल्याला दोन महिने झाले होते आणि सखल शेतांत अजून पाण्याच्या खुणा दिसत होत्या. पप्पा खिडकीतून बघत होते. "बाय, ही तर सगळी शेतकऱ्यांची माणसं," एवढंच म्हणाले.

पहिला थांबा गोल्ड्सबरोचं विल्बर्स. विल्बर शर्ली यांनी 1962 मध्ये सुरू केलेलं. शेजारीच हवाई दलाचा तळ असल्याने डोक्यावरून लढाऊ विमानं जात होती. आम्ही फक्त एक सँडविच वाटून खाल्लं, कारण दिवस मोठा होता. त्यानंतर चारच महिन्यांनी, मार्च 2019 मध्ये, विल्बर्स बंद झाल्याची बातमी वाचली आणि घरचं कुणी गेल्यासारखं वाटलं. 2020 मध्ये नव्या मंडळींनी ते लाकडाच्या भट्ट्यांसकट पुन्हा उघडलं, तेव्हा मी मुद्दाम जाऊन आले.

गोल्ड्सबरोच्या दक्षिणेला थोड्याच अंतरावर डडली. तिथे शेतांच्या मधोमध, रस्ते मिळतात त्या कोपऱ्यावर ग्रेडीज. सिमेंटच्या ठोकळ्यांची बुटकी पांढरी इमारत आणि मागे लाकडांचा ढीग. स्टीव्ह आणि गेरी ग्रेडी या काळ्या दांपत्याने 4 जुलै 1986 ला ते उघडलं. लाकूड ओक आणि हिकोरीचं. आत चारदोन टेबलं, आणि मांसाबरोबर कॉलर्डचा शिजवलेला पाला, चवळीसारखे शेंगांचे दाणे, भेंडी, रताळ्याचा गोड 'पाय' (pie). भेंडी बघून पप्पांची कळी खुलली. भेंडी इथे आफ्रिकेतून आली, तशी चवळीही, आणि ती आणणारी माणसं गुलाम म्हणून आणलेली होती. अख्खं डुक्कर शिजवायची ही रीतही मोठ्या प्रमाणावर त्याच माणसांच्या हातांनी घडली. जमिनीत चर खणून, रात्रभर निखारे सरकवत, मळेवाल्यांच्या मेजवान्यांसाठी. पुढे पाट्यांवर नावं बहुतेक गोऱ्या कुटुंबांची आली आणि फावडं काळ्या माणसाच्या हातात राहिलं. म्हणून ग्रेडीजसारखं, मालकी आणि आग दोन्ही त्याच घरात असलेलं ठिकाण मला फार मोलाचं वाटतं. तिथलं मांस मऊ होतं, धूर जेमतेम जाणवेल इतकाच. सिरका आधी नाकात जायचा, मिरची मागून यायची.

वाटेत आणखी एका ठिकाणी थांबलो, त्याचं नाव घेत नाही. तिथे गॅसवर शिजवतात. मांस वाईट नव्हतं, पण उकडल्यासारखं लागत होतं. डुकराची चरबी वितळून निखाऱ्यावर पडते, चर्र होऊन तिचा धूर पुन्हा मांसात शिरतो, आणि बार्बेक्यूची चव त्या धुराची असते. गॅसच्या बर्नरकडे ते नाही. गॅसकडे वळलेल्यांना मी दोष देत नाही. लाकूड महाग, रात्रपाळीला माणूस मिळत नाही आणि भट्टीघर कधी पेटेल याचा नेम नसतो. पण म्हणूनच जे अजून लाकूड जाळतात त्यांच्याकडे वाकडी वाट करून जावं, असं मला मनापासून वाटतं.

दुपारी एडनला पोहोचलो. स्कायलाइट इन लांबूनच ओळखू येतं, कारण साध्या विटांच्या बैठ्या इमारतीवर वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलसारखा चंदेरी घुमट आहे. पीट जोन्स यांनी 1947 मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी हे दुकान काढलं. घुमट 1984 चा. 2003 मध्ये अमेरिकेतल्या खाद्यक्षेत्रात मानाचे पुरस्कार देणाऱ्या जेम्स बिअर्ड फाउंडेशनने त्यांना 'अमेरिकाज क्लासिक्स' हा सन्मान दिला. लाकडावर शिजवलेलं नसेल तर ते बार्बेक्यूच नाही, असं त्यांच्या पाटीवरच लिहिलंय.

दारातून आत शिरताच आवाज येतो. ठक-ठक, ठक-ठक. काउंटरमागे जाड लाकडी ओंडका, आणि एक माणूस दोन हातांत दोन सत्तूर घेऊन अख्खं डुक्कर बारीक करतोय. ओंडका मधोमध झिजून परातीसारखा खोलगट झालेला. पप्पा रांग सोडून तिथेच उभे राहिले. त्या माणसाने आधी फऱ्याचं कोरडं मांस घेतलं, मग खांद्याचं, मग पोटाकडचं चरबीचं, गालाचं. शेवटी भाजून फुगलेली तांबूस कातडी, काचेसारखी कडक. सत्तूर पडला की तिचे तुकडे उडत होते. वरून मीठ, काळी मिरी, सिरका, आणि टेक्सस पीट नावाचा तिखट सॉस. नाव टेक्ससचं असलं तरी तो याच राज्यात, विन्स्टन-सेलममध्ये बनतो. सत्तुराच्या पात्याने सगळं उलटंपालटं केलं, चिमूटभर तोंडात टाकलं आणि पुन्हा थोडं मीठ मारलं.

पप्पा मला हळूच म्हणाले, "सगळं एकत्र केलं बघ. कुणाच्या वाट्याला नुसतं हाडाजवळचं नाही की नुसती चरबी नाही."

तेव्हा मला अख्ख्या डुकराचं मर्म कळलं. इतकी वर्षं मी ते धुरात शोधत होते. याच राज्याच्या पश्चिमेला, लेक्सिंग्टनकडे, फक्त खांदा शिजवतात आणि सिरक्यात टोमॅटो घालतात. चांगलंच लागतं, पण पहिला घास आणि दहावा घास सारखाच. इथे प्रत्येक घासात फरा, खांदा, पोट, गाल, कातडी असं सगळं जनावर असतं. मऊ लागतं तोच दाताखाली काही कुरकुरतं, कोरडं वाटतं तोच चरबी येते, आणि चरबी जड व्हायच्या आत सिरका ती कापून टाकतो.

कागदी ट्रेमध्ये मांस, त्यावर चौकोनी कॉर्नब्रेड, वर कोबीची गोडसर कोशिंबीर, म्हणजे स्लॉ, असा मनोरा हातात येतो. हा कॉर्नब्रेड केकसारखा गोड आणि फुललेला नसतो. चपटा, घट्ट, डुकराच्या चरबीत भाजलेला. मक्याची भाकरी जाड थापून तव्यावर तुपात खरपूस केली तर कडेला जशी लागेल, तसा थोडाफार.

जेवण झाल्यावर मी काउंटरवर विचारलं, माझे वडील शिजवणारे आहेत, मागचं भट्टीघर बघता येईल का? त्यांनी लगेच पाठवलं. आत काळोख, भिंती काजळीने मखमलीसारख्या झालेल्या. विटांच्या लांब भट्ट्या, त्यांवर सळ्या, सळ्यांवर पोट चिरून पुस्तकासारखी उघडून पसरलेली डुकरं, पाठीची कातडी वर. एका टोकाला चुलाण्यात ओकचे ओंडके धडधडत होते. तिथला माणूस लांब दांड्याच्या फावड्याने निखारे उचलून भट्टीखाली भिरकावत होता. खांदा आणि फरा जाड, म्हणून त्यांच्याखाली जास्त. पोट पातळ, म्हणून तिथे जवळजवळ नाहीच.

पप्पांनी मला मध्ये घालून विचारायला सुरुवात केली. किती तास? रात्रभर. मीठ आधी लावता? नाही, ओंडक्यावर. आच कशी कळते? त्या माणसाने भट्टीवरच्या पत्र्याजवळ तळहात धरला आणि पप्पांचा हात मनगटाला धरून तिथे आणला. पप्पांनी चारपाच सेकंद हात ठेवला, मान हलवली. त्यापुढे माझी गरज उरली नाही. सकाळी डुक्कर उलटवतात आणि कातडी खाली करून तिला कडक आच देतात, तेव्हा ती फुगते, हे त्याने नुसत्या हातांनी दाखवलं आणि पप्पांना ते माझ्याआधी समजलं.

त्या रात्री साउथ कॅरोलिनात मुक्काम केला आणि शनिवारी हेमिंग्वे गाठलं. रोझवेल्ट आणि एला स्कॉट यांनी 1972 मध्ये तिथे दुकान काढलं. त्यांचा मुलगा रॉडनी याने अकराव्या वर्षी पहिलं डुक्कर शिजवलं. पुढे त्याने चार्ल्सटनला स्वतःचं रेस्टॉरंट काढलं आणि 2018 मध्ये आग्नेय अमेरिकेतला सर्वोत्कृष्ट शेफ म्हणून त्याला जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला. लाकडाच्या भट्टीवर शिजवणाऱ्या माणसाला तो मिळाला याचा मला फार आनंद झाला होता. 2013 च्या नोव्हेंबरात याच हेमिंग्वेचं भट्टीघर जळालं होतं. ते पुन्हा उभं केलं.

इथे निखारे पिंपात करतात. लोखंडी पिंपाच्या मधून आडव्या सळ्या घातलेल्या, त्यांवर लाकडं. जळून फुटलेले निखारे सळ्यांमधून खाली पडतात आणि तळाच्या भोकातून फावड्याने काढायचे. डुक्कर बारा तास पालथं, मग उताणं, आणि उताण्या डुकराच्या खोलगट पोटात सिरका-मिरचीचं पाणी झाडूसारख्या कुंचल्याने चोपडायचं. ते पाणी मांसात उकळत राहतं. तळलेली कातडी पिशवीतून वेगळी मिळते. स्कॉट्सचं मांस एडनपेक्षा तिखट आणि ओलसर. कुठलं अधिक चांगलं विचारलंत तर मी एडन म्हणेन. पप्पा हेमिंग्वे म्हणाले. परतीच्या चार तासांत त्यांनी मत बदललं नाही.

येताना दोन पौंड मांस बर्फाच्या पेटीत घालून आणलं. रविवारी चर्चहून आल्यावर पप्पांनी नारळाचं दूध घालून मैदा भिजवला. ताडी नव्हती, यीस्टवर भागवलं. दुपारी फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे गोळे, तळले. इंद्यालाबरोबर खायचे फुगे आम्ही त्या दिवशी हेमिंग्वेच्या डुकराबरोबर खाल्ले. पप्पांनी फुगा मधोमध फोडला, त्यात मांस दाबून भरलं, बाटलीतल्या सिरक्याचे चार थेंब टाकले आणि पहिला मला दिला.